डावखुऱ्याचा माळ

पद्माबाईंच्या तोंडात एक शब्द होता, आणि त्या एका शब्दानं त्यांनी आयुष्यभर माणसं झोडपली. कशावरून? बस्स, एवढाच. पुण्याला त्यांच्या खात्यात पोरं पीएच.डी.ची पानं घेऊन समोर बसायची, घसा खाकरून म्हणायची, मॅडम, हे हत्यार अमुक काळातलं आहे. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, कशावरून? पोरगं काहीतरी पुटपुटायचं. पुन्हा तेच, कशावरून? तिसऱ्यांदा विचारलं की पोरगं रडकुंडीला यायचं. बाईंना त्यात मजा वाटायची असं नाही. वाईट मात्र कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोला.

दगडी हत्यारांच्या विद्येत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्यांचे वैरीही कबूल करायचे, आणि वैरी भरपूर होते. नदीकाठचा गोटा हातात घेतला की निसर्गानं फुटलाय की माणसानं फोडलाय, हे बाई बघता बघता सांगायच्या. पण त्यांचं खरं नाव झालं ते त्यांच्याच गावच्या माळावरून. सेनगाव तालुक्यातलं साखरा, त्या गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड, बोडका माळ. पावसाळ्यात चार दिवस गुरं चरतात आणि बाकी वर्षभर तो नुसता तापतो. त्या माळावर गारगोटीच्या कपच्या सापडल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं हत्यारं घडवताना उडवलेल्या.

त्या बघून बाईंनी शोध लावला की इथं हत्यारं घडवणाऱ्यांत एक डावखुरा माणूस होता. हे ओळखायची रीत साधी आहे. उजव्या हाताचा माणूस दगड फोडताना एका अंगाला फिरवत जातो, डावखुरा उलट्या अंगाला. दगडाची वरची साल कपचीच्या कुठल्या बाजूला शिल्लक राहिली ते बघायचं. साखऱ्याच्या माळाच्या खालच्या कडेला डावखुऱ्या कपच्यांचा नुसता खच होता. बाईंनी पुस्तक लिहिलं, परदेशात त्यावर भाषणं दिली, पाठ्यपुस्तकात धडा आला. गावातली पोरंसोरंही त्या जागेला डावखुऱ्याचा माळ म्हणायला लागली.

आणि आता तोच माळ त्यांच्या सख्ख्या भावानं खडीवाल्याला देऊन टाकला होता.

भावाचं नाव वैजनाथ. बहीणभावात बोलणं नव्हतं, आणि ते आजकालचं नव्हे. वडील तातेराव वारले तेव्हा तेराव्याच्या पंगती उठल्या नाहीत तोच पद्माबाई चाळणी घेऊन माळावर जाऊन बसल्या. वैजनाथ तिथं गेला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, "आक्का, बाप मेला तं मेला, तुला दगडंच प्यारे." बाई म्हणाल्या, "तुला दगडातलं काय कळतंय? तू नांगर धर." झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहिले नाहीत. बाई पोरांची जीप भरून माळावर यायच्या, मुक्कामाला सेनगावला जायच्या. घर हाकेच्या अंतरावर, पण उंबरठा ओलांडला नाही. वैजनाथ बांधावर लिंबाखाली बसून ते सगळं बघायचा. त्यानं कधी अडवलं नाही आणि पाणीही विचारलं नाही.

खडीची बातमी पुण्याला पोचली तशा निवृत्त पद्माबाई खवळून उठल्या. गुडघे कुरकुरत होते, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी अर्जावर अर्ज केले, फोनवर साहेबांना फैलावर घेतलं. हा माळ म्हणजे तुमची खडी आहे का, म्हणाल्या, माझा डावखुरा आहे तिथं! शेवटी सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं सांगितलं, आमचा माणूस येईल, खड्डा घेऊन बघेल, खाली काही निघालं तर माळ राखू. बाई खूश झाल्या. जागा त्यांनीच सुचवली, खालच्या कडेची, जिथं डावखुऱ्या कपच्या सगळ्यात जास्त सापडल्या होत्या.

तुरी निघाल्या होत्या, उन्हाचा कडाका सुरू व्हायचा होता. ठरल्या दिवशी खात्याची गाडी माळाच्या पायथ्याला थांबली आणि दारातून ओमप्रकाश उतरला.

आता हा ओमप्रकाश कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा कळमनुरीचा. एकेकाळी बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. दगड कसा फोडायचा हे बाईंनी त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. साखऱ्याच्या कपच्यांवरच तो पीएच.डी. करत होता, आणि एक दिवस त्यानं बाईंच्या टेबलावर दोन कपच्या ठेवल्या. म्हणाला, "मॅडम, ही उजव्या हाताची. हिच्यावर काळाची पांढरी साय धरलीय. ही डावखुरी. हिच्यावर काहीच नाही, काल फोडल्यासारखी लखलखीत. डावखुऱ्या सगळ्या अशाच आहेत. मला वाटतं त्या जुन्या नाहीत."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

"साय नाही त्यावरून. आणि मॅडम..." पोरगं घुटमळलं, पण बोललं. "दगड फोडताना तुम्हीही डावाच हात वापरता."

हे खरं होतं. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून त्यांचा लिहिण्याचा, जेवण्याचा हात उजवा केला होता. दगड मात्र त्या डाव्या हातानं फोडायच्या. हे घरच्यांना ठाऊक होतं, आणि शेजारी बसून शिकलेल्या ह्या एका पोराला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा कालचा पोरगा म्हणतोय की मी माझाच कचरा वेचून पुस्तक लिहिलं! अरे, मी काय दुधखुळी आहे? बाई कॉलेजात असताना सुट्टीत गावी दगड फोडायचा सराव करायच्या, ही गोष्ट खरी. पण तो माळावर नव्हे, पार खाली ओढ्याकाठी. आणि त्यांच्या विद्येतला नियम असा की सरावाच्या कपच्या उघड्यावर टाकायच्या नाहीत. खड्डा करून पुरायच्या, आणि त्यात आजच्या काळातली एखादी वस्तू टाकायची, म्हणजे उद्या कुणाला सापडल्या तर त्याची फसगत होऊ नये. बाईंनी तेव्हा स्वतःच्या जुन्या स्वेटरचं लाल प्लॅस्टिकचं बटण तोडून खड्ड्यात टाकलं होतं. हा नियम त्यांनी पुढं प्रत्येक पोराच्या डोक्यात हाणून हाणून बसवला. मग त्यांच्या हातून चूक होईलच कशी?

"खड्डा घेऊन बघू मॅडम," ओमप्रकाश तेव्हा म्हणाला होता. "नुसतं वरवरचं वेचलेलं आहे आपलं. खाली बघू."

"मला तू शिकवणार?" असं म्हणून बाईंनी त्याची पानं दाराबाहेर फेकली. नुसती फेकली नाहीत, ह्या मुलाच्या सचोटीबद्दल मला शंका आहे, असं लेखी दिलं. तेवढ्यानं त्याचा जन्म वाया गेल्यात जमा होता. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. कुठंकुठं कारकुनी करत तो ह्या खात्यात चिकटला आणि केस पांढरे झाल्यावर आज साखऱ्याच्या माळावर उभा राहिला.

"तू?" बाई म्हणाल्या.

"मीच. खात्यात दगडं बघणारं दुसरं कुणी नाही."

"म्हणजे निकाल लागलाच म्हणायचा."

"निकाल खड्डा लावील, मॅडम. तुम्हीच मागितलाय. मी मागितला होता तेव्हा तुम्ही दिला नाही."

बाईंना त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. त्यांनी पदर खोचला आणि चाळणी स्वतःच्या ताब्यात घेतली.

तांड्यावरचा जगन खणायला होता. दोऱ्या लागल्या, कुदळ पडली. वैजनाथ लिंबाखाली उपरण्यावर बसला होता, खडीवाल्याचा माणूस त्याच्या शेजारी मोबाइल चाळत होता. बाईंनी तिकडं बघितलंही नाही. पहिल्याच चाळणीत डावखुऱ्या कपच्या निघाल्या. दुसरीत आणखी. बाईंचा चेहरा फुलला.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघ. आता बोल."

ओमप्रकाश खड्ड्यात उतरून उकिडवा बसला होता आणि कडेची माती बोटांनी कुस्करत होता.

"मॅडम, हा माळ मुरमाचा."

"मग?"

"मग इथं काळी माती कशी?"

बाईंनी वाकून बघितलं. वरच्या थरातला मुरूम काळ्या मातीत कालवल्यासारखा होता. काळी माती खाली ओढ्याकाठच्या रानात असते. माळावर ती उगवत नाही, आणि चढून येत नाही. बाई म्हणाल्या, "वाऱ्यानं आली असेल." म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हेच एखाद्या पोरानं म्हटलं असतं तर त्याला त्यांनी उभा सोलला असता.

पुढची पाटी चाळणीवर आली. बाईंनी ती हलवली. माती गळून गेली, ढेकळं राहिली, कपच्या राहिल्या, आणि कपच्यांत एक लाल ठिपका राहिला.

बाईंनी तो चटकन मुठीत घेतला. बघायची गरजच नव्हती. चार भोकांचं बटण. बोटाच्या टोकाला भोकं लागली आणि बाईंना आपल्या आईनं विणलेला तो स्वेटरसुद्धा आठवला.

जगन दुसरी पाटी भरत होता. ओमप्रकाश खड्ड्यात पाठमोरा होता. कुणी काही पाहिलं नव्हतं. मूठ पदराखाली गेली असती की झालं. डावखुरा राहिला असता, पुस्तक राहिलं असतं, माळही राहिला असता. बाई तशाच उभ्या राहिल्या, आणि मग चाळणी खाली ठेवून थेट लिंबाकडं चालायला लागल्या.

वैजनाथ त्यांना येताना बघून उठला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या त्याच्यासमोर उभ्या होत्या, आणि दोघांच्याही तोंडात कडू चव होती.

"त्या कडेला माती टाकली होतीस का कधी?" बाईंनी विचारलं.

"व्हय. बांध घातला व्हता तिथं. पुढं पावसानं फुटला, सपाट झाला."

"कधी?"

"बाप गेल्यावर. तू पोरं घेऊन दगडं येचायला येऊन राहिली त्याच्या आदी."

"माती कुठली?"

वैजनाथनं ओढ्याकडं बोट केलं. "तू जिथं बसून दिवसदिवस ठोकत व्हतीस ना, तिथली. दगडं मिसळलेली व्हती, बांधाला बरी म्हून ट्रॉल्या भरून आनली."

बाईंना बसायला काहीतरी हवं होतं, पण ह्या माणसासमोर बसायचं नव्हतं. "तिथं माझा खड्डा होता," त्या म्हणाल्या. "तुला माहीत होतं."

"माहीत व्हतं की."

"आणि मी पोरांना घेऊन तिथलेच दगड वेचत होते, ते तू इथं बसून बघत होतास!"

"बघत व्हतो."

"मग काहून सांगितलं न्हाईस रे?" बाईंची पुण्याची भाषा गळून पडली, आणि आवाज फाटला. खडीवाल्याच्या माणसानं मोबाइल खाली केला.

"तू इचारलं व्हतंस?" वैजनाथ आता उठला. "एक डाव तरी इचारलं? मला वाटलं तुमी डाक्टरीनबाई, तुमाला समदं कळत असंल. मला तं काय, नांगर धरायचा. तूच म्हन्लीस. चार लोकांत म्हन्लीस!"

जगभरातल्या माणसांना बाईंनी कशावरून म्हणून विचारलं, आणि ज्याच्या मालकीचा माळ त्याला कधी एक प्रश्न घातला नाही. राग असा उसळला की त्याच्या तोंडात मारावी, पण न विचारल्याचा दोष आपलाच असताना हात उचलणार कसा! डावखुरा माणूस हजारो वर्षांपूर्वी मेला नव्हताच. तो साठी ओलांडून, पदर खोचून, लिंबाखाली उभा होता.

त्या खड्ड्याशी परत आल्या. ओमप्रकाश वर येऊन हात झटकत होता. बाईंनी मूठ पुढं केली आणि उघडली.

त्यानं बटणाकडं बघितलं, मग बाईंकडं. ही गोष्ट त्याला त्यांनीच सांगितलेली होती, लाल बटणासकट, नियम शिकवताना.

"भावानं ओढ्याची माती आणून टाकली होती," बाई म्हणाल्या. "डावखुरा कुणी नव्हता. मीच ती. लिही."

"लिहितो."

"तुझं बराबर होतं."

ओमप्रकाशचा जबडा हलला. बाईंना वाटलं, आता हा हसेल, नाहीतर रडेल. त्यानं दोन्ही केलं नाही. "हे तेव्हा म्हणायचं होतं, मॅडम. तेव्हा माझी आई जिवंत होती. पोरगा लबाड निघाला म्हणून ती कुणाकडं जेवायलासुद्धा गेली नाही. आता तुमचं बराबर मी कुणाला नेऊन दाखवू?"

बाईंनी माळाच्या चढाकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "वरच्या अंगाला खरी हत्यारं आहेत. साय धरलेली. तिथं खड्डा घे."

"कशावरून?"

तो शब्द त्यानं मुद्दाम वापरला, त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखाच चष्म्यावरून बघत.

"मी सांगते म्हणून!"

"तुम्ही डावखुराही सांगितला होता," तो म्हणाला. "मला एका खड्ड्याची परवानगी होती, तो झाला. वरच्या अंगाला तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही, आणि तुमचा शब्द ह्या चाळणीत पडलाय." त्यानं बटण पुडीत बांधलं, खिशात घातलं, आणि गाडीत जाऊन बसला. त्याच्या चालण्यात जिंकल्याची कुठलीच खूण नव्हती, हे बाईंना जास्त लागलं.

पुढचं सगळं भराभर झालं. कागद आला की माळावर राखण्याजोगं काही नाही. पुण्याहून फोन यायचे बंद झाले, आणि जे आले ते खुशाली विचारल्यासारखे होते, आतून गुदगुल्या झाल्यासारखे. बाईंनी फोन बंद करून ठेवला. पुण्याला जायचं कुठल्या तोंडानं? त्या साखऱ्यातच राहिल्या, वैजनाथच्या घरी, पडवीत. भावजय मंजुळाबाईनं पडवी झाडून दिली होती, ताटही तीच वाढून ठेवायची. वैजनाथ त्यांच्या देखत जेवायचा नाही. खडीवाल्याची यंत्रं आली, खालच्या कडेपासून माळ खायला लागली, आणि घरातल्या भांड्यांवर पांढरी धूळ बसायला लागली.

बाई रोज सकाळी माळावर जायच्या. वरच्या अंगाला, जिथं अजून यंत्र पोचलं नव्हतं. मजूर आपसांत म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली. खुशाल म्हणा! त्या वाकून वाकून जमीन बघायच्या, दगड उचलायच्या आणि परत ठेवायच्या.

एके दिवशी सुरुंग लावायचे होते. माळ रिकामा करायची पहिली शिट्टी झाली, मजूर खाली पळाले, आणि कुणीतरी ओरडलं की बाई वरच आहेत. वैजनाथ घराच्या आवारातून धावत सुटला. चढ चढून वर पोचला तेव्हा त्याचा जीव तोंडाला आला होता, आणि त्यापेक्षा राग जास्त होता.

"बहिरी झालीस का काय? शिट्टी वाजून राहिली ती ऐकू न्हाई येत? मरायचंय तं हिरीत जाऊन मर, माझ्या डोक्यावर कशापाई?"

बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "वैजा, इथं टाकली होतीस का माती?"

"कुठं?"

"इथं. ह्या वरच्या अंगाला."

"न्हाई. इथं ट्रॉली चढतच न्हाई."

"नीट आठव."

"न्हाई म्हन्तो ना! बापाची आन. आता उठ!"

बाईंनी हात पुढं केला. तळहातावर एक जाड कपची होती, दगडानं दगड फोडून काढलेली, आणि तिच्यावर भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी घट्ट पांढरी साय धरली होती. ही साय चढायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही, शंभर पुरत नाहीत. वरची साल शिल्लक होती ती उलट्या बाजूला. आयुष्यात त्यांनी आपल्या भावाला दगड म्हणून कधी दाखवला नव्हता, तो हा पहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं काढलीय. माझी न्हाई रे ही. ही जुनी हाय. तो होता, वैजा. खरंच होता."

वैजनाथनं कपची घेतली. उलटीपालटी केली, अंगठ्यानं घासून बघितली, उन्हात धरली. मग बहिणीकडं बघितलं. टोमणा मारायचा त्याचा काही इरादा दिसला नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"कशावरून?" त्यानं विचारलं.

पद्माबाईंनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. खाली दुसरी शिट्टी झाली.